गिऱ्हाईक बुडवणारी आत्या

सगळी गिऱ्हाइकं जिला आत्या म्हणायची ती बाई देशी दारूचा बार चालवायची आणि बाटलीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचा जेवणाचा डबा उघडून बघायची. डबा भरलेला निघाला की संपलं. "आधी बायकोचं खा, मंग माझं पी," म्हणायची आणि दुसऱ्याकडे वळायची. अंबरनाथहून बदलापूरला जाताना रस्त्याच्या कडेला तिचा हा बार होता. पत्रे तडकलेले, पाटीवरची निम्मी अक्षरं उडालेली, बाकांचे पाय विटांवर टेकवलेले. आनंदनगरच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की तिथे बाप्ये मुकाट्याने माना खाली घालून गार चपात्या चावत बसलेले दिसायचे. नवख्याला वाटावं, खानावळच आहे. आत्या मूळची चामटोलीची. अंगाने थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नवरा गेल्यावरही तसंच ठेवलेलं. कुणी त्यावर बोललं तर म्हणायची, "तो गेला, माझं कपाळ हाय की जाग्यावर."

त्या काळी माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते. चाळीत बारावी शिकलेली बाई मी एकटीच. नवऱ्याने दारू पिणं हा माझ्या शिक्षणाचा अपमान आहे, असं माझं ठाम मत. त्यांच्या पोटाचं काय होतंय, ते मला मागाहून सुचायचं. आमचे हे कारखान्यात फिटर. संध्याकाळी प्यायचे आणि सकाळी उठायचे नाहीत. शेवटी साहेबांनी बजावलं, आता आणखी एक दांडी झाली तर परत येऊ नकोस. मुलगी पाळण्यात, माहेरी वहिनीचं राज्य. ही नोकरी गेली तर आम्ही उघड्यावर येणार, हे मलाही कळत होतं. म्हणून एके दिवशी मी खळ घातलेली साडी नेसले, मुलीला काखोटीला मारलं आणि भाषण पाठ करत आत्याच्या बारवर चाल करून गेले.

"बाई, दुसऱ्यांच्या संसाराची राखरांगोळी करताना तुम्हाला..." एवढं झालं आणि पुढचं विसरले.

आत्याने मला खालून वर न्याहाळलं, मग कोपऱ्यात तोंड लपवणाऱ्या आमच्या यांच्याकडे बघितलं. "तू ती आमटीवाली का गं?"

"कोण आमटीवाली?"

"मीठ दोनदा घालतीस ती. मी डबा बघते तवा बोट बुडवून चाखते. तुजी आमटी खाऊन ह्यो पोरगा दोन तांबे पानी पितो. दारूला जागाच ऱ्हात नाय. तशीच करत जा, सूनबाई."

सगळा बार हसला. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले आमचे हेसुद्धा हसले, ते मला जास्त लागलं.

मग तिने मला गल्ल्याशेजारच्या स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हितला कायदा म्हाईत हाय ना? बायको आत बसलेली असंल तवर नवऱ्याला थेंब नाय." आतापर्यंत तो कायदा वापरायला एकही बाई आली नव्हती. बायका बाहेर रस्त्यावर उभ्या राहून शिव्या घालायच्या, पण उंबरा ओलांडायच्या नाहीत. मी ओलांडला तो धीट होते म्हणून नव्हे. बाहेर ऊन होतं आणि साडी नवी होती.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही. आत्या मला उकडलेले चणे द्यायची, मुलगी तिच्या मांडीवर खेळायची, आणि आमचे हे समोर रिकाम्या हाताने बसून माझ्याकडे बघायचे. त्यांचे मित्र विचारायचे, "वहिनी, आज घरी स्वैपाक नाही वाटतं?" मी म्हणायची, "आहे ना, पण इथले चणे फार छान असतात." खरं सांगते, मला तिथे करमायला लागलं होतं. चाळीतल्या हळदीकुंकवात कळलं नसतं एवढं मला त्या स्टुलावर कळलं.

एकदा मी विचारलं, "आत्या, धंदा बुडेल की तुमचा अशाने."

ती ग्लास विसळत होती. "माजा धनी ह्याच बाकावर बसून संपला. तवा बार त्याचा होता आन् मला आत याया लाज वाटायची. बाहेरनंच हाका मारल्या." तेवढं बोलली आणि पुढचा ग्लास घेतला.

मग एके संध्याकाळी हे आलेच नाहीत. कुणीतरी सांगितलं, उल्हासनगरच्या एका शेटच्या नव्या बारमध्ये बसलेत. तिथे छताला पंखे होते आणि डबे कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, आणि आता एक दांडी म्हणजे नोकरी गेलीच. मी रडायला लागले. आत्याने ऐन गर्दीत सगळ्यांना उठवलं, दाराला कुलूप घातलं आणि रिक्षाला हात केला.

शेट गल्ल्यावर होता. आत्या म्हणाली, "शेट, माजं गिऱ्हाईक तुमच्याकडं आलंय."

"माई, ग्राहक तो सबका होता है."

"ह्यो नाय सबका. ह्यो मी बुडवाया काढलाय. निम्म्यावर आणलाय, तुमी परत तरंगवू नका."

शेटला सगळं कळलं असेल असं नाही, पण त्याने यांच्यासमोरचा ग्लास स्वतः उचलून नेला. हे उठले. रिक्षात आम्हा दोघींच्या मध्ये बसले. सकाळी हे पाळीला गेले.

दारू काही त्या दिवशी सुटली नाही. मी आणखी बरेच दिवस चणे खाल्ले. पण नोकरी टिकली, आणि हळूहळू हे कामावरून परस्पर घरी येऊ लागले. रस्ता रुंद झाला तेव्हा आत्याचा बार गेला आणि ती वांगणीला लेकीकडे राहायला गेली.

आमची मुलगी दहावी झाली तेव्हा पेढे घेऊन आम्ही दोघं तिकडे गेलो. आत्या ओटीवर बसली होती, बरीच वाळलेली. मला बघताच म्हणाली, "आलीस का सूनबाई?" मग यांच्याकडे वळली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"ह्यो कोण?"

"आत्या, मी," हे म्हणाले. "मी यायचो की तुमच्याकडे. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचो."

"तू? नाय बाबा." तिने मान हलवली. "माजी सगळी गिऱ्हाइकं मला तोंडपाठ हायत. तू त्यांच्यातला नाय."

हे घरी येईपर्यंत फुरंगटून होते. मी मात्र वाटेत उरलेले पेढे एकटीने संपवले.