नानांची चढाई आणि मामांची म्हैस

फुकट मिळालेल्या वस्तूचा माझ्या बायकोच्या मामांइतका कसून वापर करणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. चाकणच्या एका कंपनीत मालाची तपासणी करण्यात उभा जन्म घालवून मामा निवृत्त झाले, कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, त्यात फोटो कापायचं-जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर भरून घेतलं, आणि त्या दिवसापासून देशोदेशीचे खेळाडू आमच्या खेड तालुक्यात राबायला लागले. जगात नावाजलेला फास्ट बोलर धावत येतो तो थेट चाकणच्या बाजारात, आणि त्याच्या मुठीत चेंडूऐवजी कांदा असतो. टेनिसची राणी अंगणात रॅकेटने गोधडी झोडपत असते. फुटबॉलचा गोलकीपर नाशिक रस्त्यावर टेम्पोतून घरंगळलेला कोबी झेलायला आडवा झेपावतो. पहिल्या शिफ्टची गाडी सुटायच्या ठोक्याला असा एक फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो, आणि तो पाहिल्याशिवाय कंपनीच्या बसमध्ये कुणी डोळा मिटत नाही.

सॉफ्टवेअर इंग्रजी, म्हणून मामांनी त्यातल्या हत्यारांचं बारसं स्वतःच केलं आहे. कापायची ती विळी, पुसायचा तो बोळा आणि कडा गुळगुळीत करायची ती कानस. काम मात्र मायक्रोमीटरने मोजल्यासारखं. "थट्टा असली म्हणून काय झालं, सावली चुकली की माल रिजेक्ट," हे त्यांचं ब्रीद. एकदा मी वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला गेलो, तर त्यांनी मला पाणीही न विचारता गच्चीवर नेलं, हातात ऊस दिला आणि उन्हात उभं केलं. बांबूच्या आधाराने उंच उडी मारणारा कुणी परदेशी खेळाडू त्यांना उसाच्या आधाराने कालव्यापलीकडे पाठवायचा होता, आणि त्यासाठी उसाची सावली हवी होती. "जावईबापू, हलू नका, ऊन सरकतंय!" मामी जिन्यातून ओरडत होत्या, "अहो, जावयाला आधी चहा तरी घेऊ द्या!" त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "चहा परत गरम करता येतो, ऊन करता येत नाही." त्या दिवशी माझं नाक सोलून निघालं, पण कालव्यावरची सावली पाहून मलाही मान्य करावं लागलं की माल पास आहे.

मामांच्या या उद्योगाने आजवर एकच माणूस दुखावला, आणि तो नेमका त्यांचा जिवाभावाचा मित्र निघाला. नाना आणि मामा शाळेत एका बाकावर बसले. तरुणपणी नाना तालुक्यात गाजलेले कबड्डीपटू होते. पुढे मैदानाची जागा कंपनीत गेली, संघ पांगला, आणि नाना गुरं आणि दूध यांत रमले. खेळतानाचा त्यांचा एकुलता एक फोटो होता, चढाई करताना हात पुढे टाकलेला. तो जुना झाला म्हणून मामांनी साफ करायला घेतला. साफ केला, आणि मग त्यांचा हात शिवशिवला. मागचं सगळं बोळ्याने पुसून त्यांनी नानांच्या हातापुढे नानांचीच म्हैस उभी केली. शिवल्याबद्दल ती अशी काही रागाने बघत होती की ग्रुपवर स्वतः नानाही पोट धरून हसले.

पण त्याच महिन्यात जत्रेच्या कमिटीने नानांचा सत्कार ठरवला. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय सत्कार होत नाही आणि फ्लेक्सचा फोटो ग्रुपवरूनच उचलला जातो. फ्लेक्स छापण्याआधी तपासायला एकवीस शुभेच्छुकांकडे गेला. एकविसांनीही तो बारकाईने तपासला, पण प्रत्येकाने खालच्या रांगेतला फक्त आपला गॉगल पाहिला आणि "ओके" कळवून टाकलं. जत्रेच्या सकाळी नवा फेटा बांधून नाना कमानीपाशी आले, तर वर वीस फुटी नाना म्हशीवर चढाई करत होते. खाली लिहिलं होतं, 'तालुक्याची शान'. लोक खो खो हसत होते. नानांनी फेटा सोडला. "आरं, जल्मात एकदा सत्कार व्हता माजा," एवढंच मामांना म्हणाले आणि शाल न घेताच घरी गेले.

मामांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. ग्रुप ओस पडला. तीनदा ते नानांच्या दारात गेले, पण नाना गोठ्यातून बाहेर आले नाहीत. चूक कमिटीची, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. "जावईबापू," मामा म्हणाले, "अख्खी नोकरी दुसऱ्याचा माल तपासण्यात गेली. स्वतःचा तपासायचा राहिला." निदान फ्लेक्स तरी उतरवा म्हणून ते कमिटीकडे गेले, तर शुभेच्छुक नाराज होतील म्हणून तोही कुणी उतरवेना. पन्नास वर्षांची दोस्ती एका म्हशीपायी गेली, असं म्हणताना त्यांना हसू यायचं नाही आणि मलाही.

मग एका रविवारी आम्ही मामांकडे जेवायला बसलो, तोच नाना दारात उभे. मामा पाटावरून उठले.

"फलेक्स उतरवाय गेलतास म्हनं?" नाना म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तीस सालात मला कुनी इचारलं न्हाई. आता डेअरीवर दूध घालाया गेलो की लोकं आधी हासत्यात, आन मग इचारत्यात, नाना, खरंच खेळायचा का हो तुमी?"

"मग काय सांगतोस?" मामांनी चाचरत विचारलं.

"सांगतो, व्हय, खेळायचो. पन त्येंना पटत न्हाई. आसली तसबीर दाव बरं."

मामांनी टॉवेल काढला आणि मूळचा फोटो उघडला. नानांच्या मागे मुरमाचं मैदान होतं, चुन्याची रेघ होती आणि रेघेपलीकडे वाकून ओरडणारे नानांच्याच संघातले सहा गडी होते. नाना खुर्ची ओढून बसले आणि बोट ठेवून एकेकाचं नाव घेऊ लागले. दोन नावांनंतर ते थांबले, तिसरं मामांनी सांगितलं. सहांपैकी आता एकच गडी हयात आहे.

"ह्यो बी लाव कमानीवर, म्हशीच्या शेजारी," नाना म्हणाले. "हासून झालं की लोकं हिकडं बघत्याल. न्हाईतर ह्येंना कोन बघनार?"

मामांनी मान डोलावली. मामींनी दोनदा हाक मारली, ताटं वाढून झाली होती, पण दोघेही उठेनात. मला त्या सहांतला एकही माणूस ठाऊक नव्हता. तरी ते मैदान आपल्याला एकदाही पाहायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.