दसऱ्याला बंद ठेवलेला सर्व्हर

आमच्या घरातलं एक यंत्र जगातल्या कुणासाठीही दिवसरात्र चालू असायचं, हे आता सांगताना मलाच थोडं अवघडल्यासारखं होतं. सातपूरला दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन आणि त्याच्या शेजारी लोखंडी स्टुलावर कॉम्प्युटर. गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसानं जुनी मशीनं विकायला काढली, त्यातलं हे एक अण्णांनी ओळखीनं आणलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते, शिक्षण सातवीपर्यंत. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली मीच.

त्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही सिस्टिम चढवली ती मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. घरी फोनच्या वायरीतून ब्रॉडबँड आल्यावर त्यावर वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पानं पाठवणारा प्रोग्राम, बसवला आणि एक पान तयार केलं. ते बाहेरून दिसतं का हे बघायला मी नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले. पत्ता टाकला. पान हळूहळू वरून खाली उतरत आलं.

कॅफेवाले काका मागून डोकावले. "कुठली साइट गं ही?"

"आमच्या घरची," मी म्हणाले.

"घरची? घरात कोण बसलंय तुमच्या, पानं पाठवायला?"

"कुणी नाही, काका. आई भाकरी करतेय."

ते हसले. मीही हसले.

त्या साइटवर मी मराठीतून टिपणं लिहायला लागले. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. कॉलेजात पहिल्या वर्षी सर इंग्रजीतून 'अॅरे' शिकवत होते आणि मी फक्त फळ्यावरचं उतरवून घेत होते. पुढं कधीतरी अंड्यांच्या ट्रेकडे बघताना ते कळलं: प्रत्येक खळग्याला एक नंबर, फक्त मोजायचं शून्यापासून. तसंच लिहून ठेवलं. वर्गातली पेठ-दिंडोरीकडच्या खेड्यांतून येणारी पाच-सहा मुलंमुली ती टिपणं वाचायची. त्यांच्याखेरीज कुणाला सांगायला मला संकोच वाटायचा, म्हणून पानावर माझं नावही नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवायचा होता. बहुतेक सगळे लायब्ररी मॅनेजमेंट घेत होते. मी धीर करून प्रोजेक्टच्या सरांना सांगितलं, मला ही साइटच विषय म्हणून हवी.

"घरच्या मशीनवर?" सरांनी चष्मा वर केला. "आणि ती बंद पडली तर?"

"नाही पडणार, सर."

"बघू. मी मधेच कधीही उघडून बघेन. दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी सगळ्यांसमोर उघडायची. उघडली तर विषय तुझा. नाही उघडली तर मुकाट्यानं लायब्ररी मॅनेजमेंट घ्यायचं."

मी हो म्हणाले. खरं तर तेव्हा साइटची अवस्था बरी नव्हती. लिनक्सच्या जुन्या आवृत्तीत मराठी मजकूर डेटाबेसमध्ये ठेवला की बाहेर येताना अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उभी राहायची. म्हणून मी सगळी यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेली. चार दिवस नेटवरून थोडं थोडं उतरवून घेत, चालू मशीनवरच. प्रश्नचिन्हं गेली, मराठी दिसू लागली. लिनक्सला पुन्हा पुन्हा बंद-चालू करावं लागत नाही, असं मी वाचलं होतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा. मशीन किती दिवस सलग चालू आहे हे दाखवणारी एक आज्ञा असते. ती मी सकाळ-संध्याकाळ देऊन बघायचे. आमच्या वस्तीला कारखान्यांच्या विजेच्या लायनीचा शेजार, त्यामुळे लाइट फारशी जायची नाही. गेली तरी अण्णांनी जोडलेला इन्व्हर्टर दोन तास ओढायचा. आकडा एकोणीसवर गेला होता आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला संध्याकाळी हत्यारांची पूजा होते. मांडली की दुसऱ्या दिवशी सोनं वाटून घरी येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाटावर अण्णांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, नटबोल्टचे पाने, आईची विळी आणि कात्री. शिलाई मशीनला झेंडूची माळ. त्या वर्षी आईनं कॉम्प्युटरसाठीही माळ ओवली होती.

"मागून नाही घातली हं," ती म्हणाली. "त्याच्या पंख्यात पाकळ्या जातील."

अण्णा म्हणाले, "पूजेआधी बंद कर ते."

"अण्णा, हे बंद करून चालत नाही. सर कधीही उघडून बघतील."

"दसऱ्याला बघतील व्हय सर?"

"बघतीलही. हे तुमच्या लेथसारखं नाही."

अण्णा पाटावरचा व्हर्नियर पुसायला लागले. मी खोलीत गेले आणि मॉनिटर तेवढा बंद केला. पडदा काळा झाला. खालचा कॉम्प्युटरचा डबा चालूच राहिला. झेंडूच्या माळेआड त्याची हिरवी बत्ती झाकली गेली, आणि मला वाटलं, झालं.

अण्णांनी हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग नमस्कार करताना डब्यावर हात टेकवला आणि तसाच ठेवला.

"चालू हाय हे," ते म्हणाले.

मी काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"तीस वर्षं मशीनवर हात ठेवतोय पोरी. मला काय पडदा बघून कळतं व्हय?"

आई म्हणाली, "देवापुढं तरी फसवू नये गं."

मी मॉनिटर लावला, बंद होण्याची आज्ञा दिली. पंखा थांबला. खोलीत पहिल्यांदाच इतकी शांतता झाली की बाहेरच्या नळाचा आवाज ऐकू आला. त्या रात्री मी नीट जेवले नाही. एकोणीस दिवस गेले याचं दुःख होतं, की पकडले गेले याचं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून आलो. माळ उतरवली, बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी दोन अक्षरं आली, एल आणि आय, आणि पुढं काहीच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच दोन अक्षरं.

मला रडू आलं. मी म्हणाले, "तुम्हीच बंद करायला लावलंत."

अण्णा स्टूल ओढून शेजारी बसले. "याच्यात काय बदललं होतं तू?"

"सगळंच. नवी आवृत्ती टाकली होती."

"मग बदलल्यावर एकदा बंद करून, परत चालू करून बघितलं होतं?"

"नाही."

"आम्ही लेथची बेअरिंग बदलली की मशीन बंद करतो, पूर्ण थंड होऊ देतो, मग परत सुरू करतो. गरम मशीन कसंबी पळतं. थंड होऊन उठलं तर दुरुस्त झालं म्हणायचं. तोवर घडवायचा जॉब त्यावर लावत नाय."

त्यांनी आणखी काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफे उघडताच मी जाऊन बसले. काकांनी मुद्दाम विचारलं, "आज घरचं पान नाही का गं उघडत?" दोन तास शोधल्यावर चूक सापडली. मशीन सुरू होताना सिस्टिम डिस्कवर कुठं ठेवली आहे हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो. सिस्टिम बदलली की नवी जागा त्याला सांगावी लागते. मी सांगितलीच नव्हती. चालू मशीनला त्याची गरज पडत नव्हती, म्हणून इतके दिवस काही कळलं नाही. म्हणजे मी ज्या आकड्याचा अभिमान धरला होता, त्याच्याच आड ही चूक बसली होती.

वहीच्या मागच्या पानावर आज्ञा उतरवून आणल्या. सीडीवरून मशीन उठवलं, त्या प्रोग्रामला नवी जागा दाखवली आणि बटण दाबलं. ते उठलं. अण्णांची सेकंड शिफ्ट होती, जेवणाचा डबा हातात घेऊन ते दारात उभे होते.

"अजून एकदा," ते म्हणाले.

तीनदा बंद केलं, तीनदा उठलं. मग त्यांनी विचारलं, "आणि घरात कुणी नसताना लाइट जाऊन आली तर?"

याचा मी विचारच केला नव्हता. शोधल्यावर मशीनच्या आत तशी सोय सापडली: वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचं.

"आमच्याकडं असं चालत नाय," अण्णा म्हणाले. "लेथ आपोआप सुरू झाला तर कुणाचा तरी हात जाईल. तुझ्या मशीनला ते भ्या नाय. कर."

सोमवारी लॅबमध्ये सरांनी सगळ्यांना गोळा केलं. पहिलंच वाक्य, "मी दसऱ्याला उघडून बघितली होती. बंद होती."

"हो सर," मी म्हणाले. "पूजेला बसवली होती."

वर्ग खो खो हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "नैवेद्य काय दाखवला?" सर हसले नाहीत. त्यांनी पत्ता टाकला. पान उघडलं नाही.

मी परवानगी मागून ऑफिसातल्या फोनवरून घरी फोन लावला.

"अगं, सकाळी आठपासून लाइट नाही," आई म्हणाली. "खांबावर माणसं चढलीत. इन्व्हर्टरही गार पडलाय. मी काही दाबू का?"

"नको आई. काहीच दाबू नको."

परत येऊन मी सरांना लाइटचं सांगितलं. मग का कोण जाणे, बाकीचंही सांगितलं: मॉनिटर बंद करून अण्णांना फसवायला गेले ते, ती दोन अक्षरं, गरम मशीन आणि थंड मशीन. वर्ग आता हसत नव्हता.

सरांनी घड्याळ बघितलं. "लाइट आल्यावर तुझी आई मशीन चालू करणार?"

"नाही सर. ते आपणहून उठेल."

"थांबू मग."

दुसऱ्यांचे प्रोजेक्ट बघून झाले. साधारण पाऊण तासानं सरांनी पुन्हा पत्ता टाकला. थोडा वेळ पांढरं पान. मग वरून खाली उतरत मराठी अक्षरं आली, एकही प्रश्नचिन्ह नाही. पहिलं टिपण अंड्यांच्या ट्रेचं होतं. सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"विषय तुझा," ते म्हणाले. "आणि ते थंड मशीनचं रिपोर्टमध्ये लिही. वडिलांनी सांगितलं असंच लिही. पानावर तुझं नाव का नाही?"

त्या आठवड्यात मी पानाखाली माझं नाव टाकलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी साइटवर वरच एक ओळ लिहिली: 'पूजेनिमित्त हे मशीन उद्या संध्याकाळपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत बंद राहील.' माळ आईनं ओवली. आज्ञा मी दिली. अण्णांनी डब्यावर हात ठेवला, तो गार होईपर्यंत तसाच ठेवला आणि मग अक्षता वाहिल्या.