आईच्या अंगठ्याचं नख

आईला जाऊन सहा दिवस झाले तेव्हा भावाचा फोन आला. दहाव्याची पत्रिका छापायची होती. फोटो ठरला होता, त्याखाली दोन ओळी हव्या होत्या. घरात कॉलेजात शिकवणारी मी एकटी, म्हणून त्या मी लिहायच्या.

"काही सुचलं न्हाई तर 'प्रगतशील शेतकरी' टाकू का, अक्का?" तो म्हणाला. "समदे तेच टाकून राह्यले."

मी म्हटलं, उद्या सांगते. आमच्या आईच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. आजोबा मेंढरं राखायचे. मेंढरं विकल्यावर आई बियाण्याच्या प्लॉटवर जायला लागली आणि जवळजवळ तीस वर्षं जात राहिली. आमच्या जिल्ह्यात कपाशीचं संकरित बी हातानं तयार होतं. त्या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी गोल फिरवायचं आणि हलका पीळ द्यायचा. पाकळ्या आणि पुंकेसर टोपीसारखे एकदम निघून येतात. आतला मादीचा कोवळा दांडा उभा राहतो, त्याला ओरखडाही जाता कामा नये. त्यावर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काढून नराच्या ओळीतलं फूल त्या दांड्यावर फिरवायचं. चार कळ्या सोलायच्या राहिल्या तरी बियात भेसळ होते. तपासणीत भेसळ सापडली की अख्खा प्लॉट रद्द.

या कामासाठी आई उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची. काडीपेटीच्या कडेवर घासून त्याला धार ठेवायची. कळ्यांच्या चिकानं ते पिवळं-काळं झालेलं असे, साबणानं निघत नसे. भाकरी थापताना ती तो अंगठा वर उचलून धरी. आमच्या भाकरीवर चारच बोटं उमटत.

मला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा क्रॉसिंग ऐन भरात होतं. माणसं आमच्यातलीच, पण दोन पिढ्यांपूर्वी जालन्यात जाऊन बंगल्यात राहायला लागलेली. आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "ते नख काप ना."

"कशाला?"

"त्यांना कसंतरी वाटंल."

"काय वाटंल?"

मला सांगता आलं नाही. घाण वाटेल, हे शब्द तोंडात होते. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग बाबांचं दाढीचं ब्लेड घेतलं आणि ओट्यावर बसून नख कापलं.

पाहुणे आले. चहाचा ट्रे धरलेल्या आईच्या हातांकडे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पाहिलंच. "हाताला कामाची सवय दिसते," त्या म्हणाल्या. नख कापून काही लपलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी वळल्यावर आईनंही आपलं मत दिलं. "माणसं बरी हायेत. बाईचे हात मात्र लई मऊ. एक कळी धड सोलायची न्हाई तिच्यानं."

दुसऱ्या दिवशी ती प्लॉटवर गेली. काय घडलं ते मला पंधरा दिवसांनी तिच्याबरोबर कामाला जाणाऱ्या शेजारच्या मावशीकडून कळलं. मालकिणीनं आईचा अंगठा पाहिला आणि तिला नराची फुलं तोडायला लावलं. ते काम पहिल्यांदा आलेल्या पोरींचं. ज्यांना आईनं कळी धरायला शिकवलं होतं, त्यांच्यासाठी ती महिनाभर टोपलीत फुलं गोळा करत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नखच हाय, येतंय परत." त्या हंगामात ते पुरेसं आलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी आईला हळदीकुंकवाला बोलावलं. आई सोफ्याच्या कडेवर बसली होती. नख पुन्हा वाढलं होतं आणि या वेळी मी काही म्हटलं नव्हतं. एका बाईंनी चौकशी केली तेव्हा सासूबाई घाईनं म्हणाल्या, "विहीणबाईंची तिकडं मोठी शेती आहे."

"न्हाई हो," आई म्हणाली. "शेत लोकाचं. हात माझा."

"म्हणजे मजुरीला जाता?"

"मजुरीलाच. पण कळी सोलायला समद्यांला बोलवत न्हाईत."

मी हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे बघत उभी होते. मान वर करायला हवी होती. ती मी केली नाही, आणि हे इथं लिहून ठेवायला हवं. आई मात्र तिळगूळ खात आरामात बसली होती. शेजारच्या बाईंना तिनं दोन बोटांत तिळाचा लाडू धरून कळी कशी धरतात ते दाखवलं. त्या बाईही वाकून बघत होत्या.

त्यानंतर सासूबाईंनी शेतीचं नाव काढलं नाही. त्या सांगू लागल्या, "विहीणबाई बियाण्याच्या लाइनमध्ये आहेत." ऐकणाऱ्याला वाटे, एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतील. आईला हे कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "मंग मला केबिन पायजे म्हणावं."

शेवटच्या आजारपणात तिचं काम सुटून चार वर्षं झाली होती, नख मात्र तिनं ठेवलं होतं. एक दिवस नर्स नेलकटर घेऊन आली. "आजी, नखात घाण साचते, कापू या." आईनं नऊ बोटं पुढे केली आणि अंगठा मुठीत दाबून धरला. नर्सनं माझ्याकडे पाहिलं, शिकलेली मुलगी तरी समजावेल म्हणून.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "तिचं हत्यार आहे ते."

आईचे डोळे मिटलेले होते. मूठ सैल झाली. अंत्यविधीच्या वेळीही ते नख तसंच होतं.

सातव्या दिवशी मी भावाला ओळी वाचून दाखवल्या: तीस वर्षं क्रॉसिंगच्या प्लॉटवर कळ्या सोलल्या. तिच्या हाताखालचा एकही प्लॉट रद्द झाला नाही.

तो बियाणं साफ करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दहाव्याला त्याचे साहेब येणार होते.

"लोक काय म्हणतील, अक्का?"

"काय म्हणतील?"

त्यालाही सांगता आलं नाही. मग त्यानं वेगळ्याच आवाजात विचारलं, "रद्द झाला न्हाई हे बराबर हाय का पण? आमचे साहेब लोक नेमकं तेच विचारतील."

"मावशीला विचारलं. एकदाही न्हाई."

"मंग टाकतो," तो म्हणाला.

दहाव्याला त्याचे साहेब आले. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली आणि त्यातले वयस्कर होते ते भावाला म्हणाले, "हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

आईच्या बरोबरीच्या बायका टेम्पोनं आल्या. वाचता येणाऱ्या त्यांच्यात थोड्या. मी त्यांच्यामध्ये बसून मोठ्यानं वाचलं. मावशीनं डोळे पुसले, मग पत्रिकेवर बोट ठेवलं. तिच्याही अंगठ्याचं नख वाढलेलं होतं.

"बराबर लिहिलं. पण हे दुपारचं झालं. सकाळी फूल फिरवायची, ते कोण लिहील? नुसती कळी सोलून बी धरतंय व्हय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पर्समधून पेन काढला आणि त्यांच्यासमोरच एकेका पत्रिकेवर तेवढं वाढवून लिहायला बसले.