अश्रूंचं प्रकरण

फादरांकडे मी कामाला लागले तेव्हा कंपवाताने त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. थकलेले धर्मगुरू राहतात त्या बोरीवलीतल्या घरात तळमजल्यावर त्यांची खोली होती. तरुणपणी ते रोमला शिकून आले होते. ग्रीक-लॅटिन वाचायचे आणि घरच्यांशी मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या ईस्ट इंडियन मराठीत बोलायचे. आयुष्यभर त्यांनी एकाच प्रश्नावर काम केलं होतं. ख्रिस्ती धर्म नवा होता तेव्हा रोमन जगात स्टोइक तत्त्वज्ञांचा मोठा दबदबा होता. सुख-दुःखाने मन हलू देऊ नये, जे आपल्या हातात नाही त्यासाठी झुरू नये, ही त्यांची शिकवण. पहिल्या ख्रिस्ती विचारवंतांनी त्यातलं काय घेतलं, आणि ते घेताना काय गमावलं? शेवटचं पुस्तक फादरांना मराठीत करायचं होतं. ते सांगणार आणि मी टाइप करणार, असं ठरलं.

मी नाहूरला राहते. नवरा गेल्यापासून घरीच डीटीपीची कामं करते. दर शनिवारी मुलुंड चेकनाक्यावर बस पकडायची आणि लॅपटॉप मांडीवर धरून बोरीवलीला जायचं, हे दोन वर्षं चाललं.

पहिल्याच आठवड्यात आम्ही एका शब्दावर अडलो. स्टोइकांच्या त्या न हलणाऱ्या मनाला मराठीत काय म्हणायचं? ‘निर्विकार’ त्यांना दगडासारखा वाटत होता. आम्ही बौद्ध, त्यामुळे विहारात ऐकलेला पाली शब्द मी सुचवला, उपेक्खा.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण ताई, मराठीत त्याचं उपेक्षा होतं. मग वाचणाऱ्याला वाटेल, हे लोक कुणाकडे बघतच नव्हते.”

दोघंही हसलो आणि ‘अविचल’ हा शब्द घेतला.

त्यांची धाकटी बहीण जवळच्याच गावठाणात एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. शनिवारी डबा घेऊन यायची, घरी कुटून बाटल्यांत भरलेल्या बाटली मसाल्यातलं कालवण आणि भात. मला बघितलं की म्हणायची, “बाय, तू पण खा. हा बोलत राहील, तुला उपाशी ठेवील.” फादर एरवी कुणाचं ऐकायचे नाहीत, पण ती समोर असली की निमूट जेवायचे.

दुसऱ्या वर्षी डबा येईनासा झाला. पोटात गाठ निघाली होती, आणि ती सापडली तेव्हा उशीर झाला होता. फादर दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “दादा, जरा बस ना.” ते पाचेक मिनिटं बसले. जे येतंय ते शांतपणे घ्यावं, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, “ते तुझ्या पुस्तकात लिही. इथे नुसता बस.” फादरांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि उठले. त्यानंतर ते गेले नाहीत. काम संपवायचं आहे, म्हणायचे.

तेव्हा आम्ही अश्रूंच्या प्रकरणात होतो. मित्राच्या थडग्यापाशी ख्रिस्त रडला, असं शुभवर्तमानात आहे. स्टोइकांच्या हाताखाली घडलेल्या विचारवंतांना ते अडचणीचं वाटलं. काहींनी तोड काढली की तो दुःखाने रडलाच नाही, आपण माणूस आहोत हे लोकांना दाखवण्यासाठी त्याने अश्रू येऊ दिले. फादरांना ते पटत होतं. मुद्दे बिनतोड मांडले होते, मलाही पटले.

एका शनिवारी याच प्रकरणाचं काम चालू असताना त्यांचा फोन वाजला. बहिणीचं नाव दिसलं. त्यांनी बोटानेच खूण केली, तुम्ही घ्या.

मी म्हटलं, “फादर कामात आहेत, मावशी. नंतर करतील.”

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, “बरं. त्याला सांग, जेवून घे.”

मी निरोप सांगितला. फादरांनी मान हलवली आणि पुढचं वाक्य सांगितलं. मी ते टाइप केलं. सोमवारी ती गेली.

तिच्या अंत्यविधीची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, फादरांनीच केली. आवाज एकदाही कापला नाही. प्रवचन ऐकून लोक म्हणाले, काय श्रद्धा आहे! मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या कानात तो श्वास होता. फोन त्यांच्या हातात कोंबता आला असता. मी त्यांची नोकर नव्हते.

पुढच्या शनिवारी त्यांनी ते प्रकरण मोठ्याने वाचायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “काढून टाका.”

“फादर, सहा महिन्यांचं काम आहे.”

“चूक कुठेच नाही, ताई. पण जो माणूस बहिणीजवळ बसला नाही, त्याने हे लिहू नये.”

मी काढलं. नवीन काही ते सांगू शकले नाहीत. हळूहळू वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं, मग दिवस-वार विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, या आजारात पुढे असं होतं.

पुस्तक त्या प्रकरणाशिवाय छापलं. प्रकाशन चर्चच्या हॉलमध्ये झालं, तीसेक माणसं होती. फादरांना व्हीलचेअरवर आणलं होतं. भाषण चालू असताना ते माझ्याकडे झुकले.

“ती आली नाही अजून?”

‘येतील’ म्हणणं सोपं होतं. पण पुन्हा एकदा तिला ‘नंतर’वर ढकलणं मला जमेना. मी म्हटलं, “मावशी गेल्या, फादर. वर्ष झालं.”

त्यांनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. तोंड उघडं राहिलं, आणि मग ते सगळ्यांसमोर मोठमोठ्याने रडायला लागले. “मला कुणी बोलावलं का नाही?” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. बोलणारे थांबले. कुणीतरी मला खुणेने विचारलं, काय सांगितलंत त्यांना?

मी खुर्ची ढकलत त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि शेजारी पायरीवर बसले. उत्तर माझ्याकडे होतं, पण दिलं नाही. थोड्या वेळाने आत भाषण पुन्हा सुरू झालं. फादर रडत होते तोवर मी बसून राहिले, आणि नंतरही.