बीफचे भाव आणि आईचं उत्तर

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्यापासून मैलभरावर पुण्याचे एक काका-काकू राहतात. आई नागपूरहून आली तेव्हा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी पिकांच्या आणि जनावरांच्या विमा कंपनीत आहे, हे काकांना ठाऊक होतं. जेवताना त्यांनी विचारलं, "काय रे, ऑफिसात सगळे बीफ महागलं म्हणून रडतायत. सरकार एवढी सबसिडी देतं, ती जाते कुठे?"

माझ्या आवडीचा विषय. मी सुरूच झालो. मक्याच्या विम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा सरकार उचलतं, म्हणून मका भरपूर पिकतो, जनावरांचं खाद्य स्वस्त पडतं, त्यामुळे मांसही स्वस्त व्हायला हवं. पण दुष्काळात कुरणं वाळली की लोक गायी विकून टाकतात. मागाहून मदत मिळाली तरी वासरं लगेच थोडीच मोठी होतात? जनावरं कमी, म्हणून भाव चढे. सगळे ऐकत होते. आईसुद्धा, कौतुकानं.

काकू हसत आईकडे वळल्या. "कामापुरतं ठीक आहे हो. तुमच्याकडे खात नसेल ना कुणी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"नाही जी," आई म्हणाली. "आमच्याकडे नाही चालत."

मी बड्याच्या, म्हणजे बीफच्याच, रश्श्यावर वाढलो. वडील रविवारी स्वतः बाजारातून आणायचे, कुणापासून लपवायचे नाहीत. त्याच आठवड्यात आईनं माझ्या मुलीला तो रस्सा करून घातला होता.

गाडीत मुलगी म्हणाली, "आजी, यू लाइड."

"तुझ्या बाबाला इथं या लोकांत राहायचं आहे ना, बेटा."

मी गाडी चालवत राहिलो. खोटं बोल असं मी आईला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं होतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

आई परत गेल्यावर एकदा काका फिरायला निघालेले दिसले. मी त्यांना गाठलं. "काका, आमच्याकडे बीफ खातात. मीही खातो. त्या दिवशी आई माझ्यासाठी खोटं बोलली."

"अरे, त्यात काय एवढं," म्हणत त्यांनी आपल्या लॉनचा विषय काढला.

मी लगेच आईला फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"मग? आता पुन्हा बोलावतील ना तुला जेवायला?" तिनं काळजीनं विचारलं.