म्हस्कू आबांनी पारखलेला मोबाईल

निरवांगीच्या म्हस्कू आबांनी सबंध आयुष्यात विकणाऱ्यासमोर एकाही चांगल्या बैलाला चांगलं म्हटलं नाही. हा त्यांच्यावरचा आरोप नव्हे. हीच त्यांची विद्या होती आणि त्या विद्येवर इंदापूर तालुक्यातले निम्मे गोठे उभे होते.

आबांच्या घरात पूर्वी मेंढरं. बापाबरोबर मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना त्यांना जनावर ओळखायची नजर आली. पुढं मेंढरं गेली, शेती आली, नजर तेवढी राहिली. ज्याला बैल घ्यायचा असेल तो आबांना बाजारात घेऊन जायचा. आबा दोन-चार बैल चालवून बघायचे आणि मग तोंड सोडायचे. जो बैल मनात भरला असेल त्याचा भर बाजारात उद्धार: "खुरं बगा, फाकल्यात. ह्येला वैरणीपरास औषदच जादा लागंल." जो टाकाऊ असेल त्याची वाहवा. हे चाललेलं असताना घेणाऱ्याचा हात त्यांच्या उपरण्याखाली असे. करंगळी दाबली की समजायचं, शिव्या खातोय तोच घ्यायचा. एवढं करून आबा चहाला निघून जायचे, म्हणजे उतरलेल्या भावात सौदा करायला घेणारा मोकळा. ही युक्ती सगळ्या बाजाराला ठाऊक होती, विकणाऱ्यांनाही होती. तरी भाव उतरायचा. आपल्या जनावराची चारचौघांत नालस्ती ऐकून भल्याभल्यांचा धीर सुटतो.

नव्वदनंतर घरोघरी ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात कोण बघतो? आबांना बोलावणी येईनाशी झाली. तरी दर बाजाराला ते स्वच्छ धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून जायचे आणि लिंबाखाली बसून परत यायचे. कुणीतरी "आबा, चला जरा" म्हणेल म्हणून. मी तेव्हा सणसरच्या शाळेत मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी ते त्या लिंबाखाली दिसायचे आणि खरं सांगतो, मी सायकल दुसऱ्या बाजूनं काढायचो. माणूस जिवंत असताना त्याची विद्या निकामी झालेली बघणं फार जड जातं.

अशात १९९९ साल उजाडलं आणि माझा मावसभाऊ दादासो याला मोबाईल घ्यायची हुक्की आली.

दादासोचा सणसरला ऊस. मोबाईल कशाला पाहिजे हे त्याला सांगता येत नव्हतं. रेंज बारामतीत मिळायची, भिगवणला हायवेवर वाऱ्याच्या मर्जीनं मिळायची, सणसरात औषधालासुद्धा नव्हती. पण त्याच्या मेहुण्याकडे मोबाईल होता, आणि आमच्याकडे एवढं कारण पुरतं. बारामतीला जोतीराम नावाच्या पोरानं मोबाईलचं दुकान काढलं होतं. त्याच्याकडे दोनच तऱ्हा होत्या. एक काळा, साधा. दुसरा रुपेरी, झाकणाचा. कुठला घ्यावा या काळजीनं दादासोला जेवण जाईना. शेवटी त्याची आई, कुशाबाई, म्हणाली, "म्हस्कूभावजींना ने."

"आई, ते बैल बघत्यात. ह्यो फोन हाय."

"आसू दे की. घेणारा फसतो त्यो एकाच रीतीनं फसतो. तुज्या बापानं त्यांच्याबिगर दावनीला जनावर बांधलं न्हाय कवा."

आईचा शब्द मोडवेना म्हणून दादासो आबांना आणायला गेला. आबा लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन बसले होते. फोनवरचं इंग्रजी वाचायला मला बरोबर घेतलं.

जोतीरामनं पुण्यात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही असा त्याचा पण होता. "दोन्हींत मुख्य फरक ऑपरेटिंग सिस्टीमचा," तो म्हणाला.

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हणजे आतला कारभार. वरून बटण दाबलं की आत कुणी काय करायचं, आधी काय, नंतर काय, ते सगळं."

"मग सभाव म्हन की सरळ." आबा खूश झाले. "सभाव चालवल्याबिगर कळत न्हाय. आन हिकडं."

आबांनी फोनच्या रंगाकडे पाहिलं नाही, झाकणाकडे तर नाहीच नाही. त्यांनी दादासोच्या हातात आळीपाळीनं दोन्ही फोन दिले आणि दोन्हींवर एकच काम सांगितलं: एक नाव आणि नंबर आत ठेवायचा आणि तोच परत बाहेर काढायचा. मी पडद्यावरचं वाचून सांगत होतो, आबा ठेवलेलं बाहेर काढायला लागणारी बटणं बोटांवर मोजत होते. काळ्याला पाच, झाकणाच्याला अकरा. मग तेच काम उन्हात उभं राहून. मग चालता चालता. मग डाव्या हातात दुकानातली भरलेली बादली धरून. "रानात हात मोकळं आस्त्यात व्हय रं?" मग शेवटची परीक्षा. आबांनी डोळे मिटून दोन्ही फोनची दहा-बारा बटणं वाट्टेल तशी दाबली आणि जोतीरामला म्हणाले, "आता घरला आन."

काळ्याला मागं फिरायला एकच बटण होतं. तो कुठंही भटकलेला असो, ते बटण दाबत राहिलं की पहिल्या पडद्यावर येऊन उभा राहायचा. झाकणाचा कॅलेंडरात शिरला होता. तिथून तो गणितात गेला, गणितातून खेळात, आणि प्रत्येक ठिकाणी मागं फिरायचं बटण निराळं. जोतीरामलाच घाम फुटला. शेवटी त्यानं बॅटरी काढून पुन्हा बसवली.

मी थक्क झालो होतो. आबांना सही येत नव्हती, अंगठा उठवायचे. पण पुण्या-मुंबईचे इंजिनिअर दोन फोनची तुलना याहून नेकीनं करत असतील असं मला आजही वाटत नाही.

मग आबांनी रीतीप्रमाणे दादासोचा हात उपरण्याखाली घेतला आणि तोंड सोडलं. "ह्यो काळा? ह्यो फोन हाय का साबनाची वडी? खिशात ठिवला तर बाईल धुणं धुवायला काढंल. आन् ह्यो रुपेरी बग! ह्येचा थाटच येगळा. ह्येच्या पोटात काय न्हाय ते इचार." हे बोलताना ते करंगळी दाबत होते. दादासोनं उभ्या जन्मात बैल विकत घेतलेला नव्हता. त्याला वाटलं, म्हातारा थकला, आधार मागतोय. त्यानं चटकन खुर्ची पुढं ओढली. मलाही आबांची रीत तेव्हा माहीत नव्हती. मला काळाच बरा वाटला होता, पण आबांचं बोलणं ऐकून म्हटलं, मास्तरला काय कळतंय.

आबा चहाला गेले. दादासोचं मन आधीपासून झाकणावरच होतं, त्याला आता परवाना मिळाला. जोतीरामनं खोक्यावर छापलेली किंमत दाखवली. "फिक्स रेट. एक रुपया कमी होणार नाही." म्हणजे ज्या भावासाठी एवढ्या शिव्या खर्ची पडल्या तो उतरणारच नव्हता.

आबा परत आले तेव्हा दादासो झाकण उघडत होता, मिटत होता. आबांचा चेहरा पडला. पण सौदा झाल्यावर पारख्यानं ब्र काढायचा नसतो, मालकाचं मन मोडतं. सणसर येईपर्यंत ते जीपमध्ये उपरण्याची घडी घालत, उलगडत बसले.

घरी कुशाबाईनं पहिलाच प्रश्न केला, "दुसऱ्याला काय म्हनले भावजी?"

"साबनाची वडी," दादासो हसत म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारला. "आरं, शिव्या घातल्या त्योच घ्यायचा आस्तो! करंगळी न्हाय दाबली त्यांनी?"

"दाबली की. मी खुर्ची दिली."

त्या संध्याकाळी मला बाजाराची सगळी रीत समजली. दादासोनं मात्र आम्हा दोघांना आपल्या गळ्याची शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथं तर फोनलाही झाकण होतं.

आता गंमत अशी की या फसलेल्या सौद्यानं आबांचं नशीब फळफळलं. 'म्हस्कू आबांनी दोन तास तपासला' ही बातमी पंधरा दिवसांत भिगवणपर्यंत गेली. जोतीरामनं दुकानावर पाटी रंगवून लावली: म्हस्कू आबा निरवांगीकर यांनी पारखलेला मोबाईल. तिघाचौघांनी झाकणाचा घेतला. आबांना लोक पुन्हा रामराम घालू लागले, दोन ठिकाणी फेटे बांधले. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं मिळालं, आणि मिळालं ते खोटं होतं. फेटा बांधून घेताना ते खाली मान घालून बसायचे. लोकांना तो विनय वाटे.

इकडे दादासोचा फोन एके दिवशी कुठल्याशा कोपऱ्यात शिरला आणि त्यानं भाषाच बदलली. पडद्यावर कुठल्या परक्या देशाची अक्षरं उमटायला लागली, ती जोतीरामलाही वाचता येईनात. बॅटरी काढून बसवली तरी तो त्या मुलखातून परतेना. नंबर लावायचा कसा तेच कळेना. तरी दादासो तो कमरेला लावून हिंडायचा. भिगवणला हायवेवर उभा राहून झाकण उघडायचा आणि मोठ्यानं बोलायचा, "हां, बोला, मी साईटवर हाय." एकदा मी आणि आबा समोरच्या हॉटेलात होतो. आबांनी बराच वेळ बघितलं.

"म्होरं कुनी न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "बोलनाऱ्याची मान हलती, पर ऐकताना मानूस थांबतो. ह्यो थांबतच न्हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "माज्या नावानं खोडीचं जनावर इकलं जातंय. मरायच्या आदी ह्ये निस्तरलं पायजे. त्या दुकानदाराच्या तोंडावर खरं काय ते सांगनार हाय."

ती संधी साखरबाईनं आणली. साखरबाई भिगवणची. उजनीच्या पाण्यातला मासा विकत घेऊन पुण्याला धाडायची. तिला मोबाईल मिरवायला नको होता. मासा बर्फावर बसून राहतो, भाव बसून राहत नाही. टेम्पो सुटायच्या आधी पुण्याचा भाव कळला तर धंदा, नाहीतर नास. तिनं आबांना निरोप धाडला, बारामतीला दुकानात भेटा. मला आबांनी साक्षीला म्हणून नेलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. वर आबांच्या नावाची पाटी. जोतीरामनं उठून नमस्कार केला, साखरबाईसमोर दोन्ही फोन मांडले. आबांनी उपरणं घडी करून काखेत मारलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले, कुणाची करंगळी चुकूनही हाताला लागू नये म्हणून.

"साखरबाई," ते म्हणाले, "काळा घे. काळा सरळ सभावाचा हाय, कुठं बी गेला तरी परत येतो. झाकनाचा घेऊ नगं. त्यो भटक्या हाय. ही पाटी खोटी हाय. दादासोच्या टायमाला माजं चुकलं, माज्या नावावर लोक फसलं." शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत आपली विद्या उलटी ठेवून माफी मागायला फार मोठी छाती लागते, आणि ती मी त्या दिवशी पाहिली.

बोलून झालं आणि आबा दुकानाबाहेर पडले. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप चहाच्या टपरीकडे वळले. मीही त्यांना धरून गेलो. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. चेहऱ्यावर अशी शांती मी कधी पाहिली नव्हती. "सुटलो, मास्तर," म्हणाले.

तेवढ्यात साखरबाई रस्ता ओलांडून आली. चेहरा फुललेला, हातात रुपेरी झाकणाचा फोन.

आबांच्या हातातली बशी कलंडली. "आगं, ह्यो का घेतलास? मी काळा घे म्हनलो न्हवं?"

"म्हनला की. दुकानदाराम्होरं म्हनला." तिनं डोळा बारीक केला. "मी तवाच वळखलं."

"मी खरं बोललो बाई! पानी आलं माज्या डोळ्यांत!"

"पानी बघितलं तवा तर खात्रीच पटली." साखरबाई मनापासून हसली आणि आबांच्या पाया पडली. "आबा, चाळीस वर्सं बाजार करतीया मी. इकनाऱ्याच्या म्होरं तुमी खरं बोललाय कवा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीला आलो होतो; मी साखरबाईसाठी आणखी एक चहा सांगितला.