गोठ्याला एक आवतण, शेडला एक

पिशोरजवळच्या शेतातला आमचा जुना गोठा पाडायचा, असं चुलत्यांनी जाहीर केलं, तेव्हा मी औरंगाबादेत कारकुनी करत होतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वास्तूंबद्दल लोकांना अक्कल शिकवत होतो. आता घरचाच गोठा जाणार म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी एसटीनं गावी धडकलो.

"सागाचे खांब आहेत, काका! बैलांच्या माना घासून गुळगुळीत झालेत. आजोबांनी उभे केलेत!"

"धाबं गळतंय त्याचं काय?" गोठ्यातल्याच बाजेवर पडल्या पडल्या चुलते म्हणाले. "लईच माया आली आसंल तर तूच ऱ्हा इथं. बैल जातेत पत्र्याच्या नव्या शेडात."

मी हट्टाला पेटलो. शेवटी ठरलं, की उद्या बैल नदीवरून धुऊन आणायचे, अंगणात मोकळे सोडायचे. ते गोठ्यात शिरले तर गोठा राहील, शेडात शिरले तर पाडायचा. पोळ्याला बैलाला ओढायचं नाही की मारायचं नाही, त्यामुळे लबाडीला वाव नव्हता.

तरी तो आम्ही शोधून काढलाच. संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. चुलते एकेकाच्या डाव्या कानात म्हणाले, "जेवाया या, पत्र्याच्या शेडात." त्यांची पाठ वळताच मी उजव्या कानात म्हणालो, "गोठ्यात या. पोळीवर तूप जास्त घालीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही बैल अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि हलेचनात. शेडच्या दारात पुरणपोळी घेऊन चुलते, गोठ्याच्या दारात पुरणपोळी घेऊन मी. दोघंही पुचकारतोय आणि बैल रवंथ करतायत. तासभर हेच. मला तर रडू यायचंच बाकी होतं.

पहाटेपासून राबलेले चुलते तापलेल्या पत्र्याखाली घामाघूम झाले. "मरू द्या तिकडं," म्हणत ते सवयीनं चालत आले, मला बाजूला सारून गोठ्यात शिरले आणि आपल्या बाजेवर आडवे झाले. लगेच घोरू लागले. ते रोजचं घोरणं ऐकताच बैलांनी कान टवकारले आणि गुमान आत येऊन एक उशाशी, एक पायथ्याशी बसला.

जागे झाल्यावर चुलत्यांनी दोन्ही बैलांकडं पाहिलं. "बैलांनीच ठरीवलं. आता माझं काय चालतंय! धाबं नीट करून घेऊ."

तेवढ्यात काकूनं दारातून डोकावून पाहिलं.

"तिघंबी आले का आत? मग वाढते."